अक्कांचा रिपोर्ट

घरफोडी केलेल्या माणसाच्या शेजाऱ्यांना अक्का एकच प्रश्न विचारत. "याने उद्या तुमच्याकडे शिडी मागितली तर द्याल का?"

शेजारी आधी गडबडून जात आणि मग खरं काय ते बोलून टाकत. कुणी म्हणे, "देईन, पण आमच्याच भिंतीला लावली तर?" कुणी नुसतं हसे. दारासुरम्ची एक म्हातारी विणकरीण म्हणाली होती, "देईन, आणि तो वर असेपर्यंत खाली धरून उभी राहीन." अक्कांनी ते वाक्य जसंच्या तसं रिपोर्टात घातलं. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "हा विश्वास झाला की संशय?" अक्का म्हणाल्या, "मलाही कळलं नाही, म्हणून तसंच लिहिलं."

अक्का आमच्या कुंभकोणमच्या कोर्टात प्रोबेशन ऑफिसर होत्या. एखाद्यावर गुन्हा शाबीत झाला, पण शिक्षा सुनावायची राहिली आहे, या मधल्या दिवसांत त्यांचं काम असे. त्या माणसाच्या घरी जायचं, तो राहतो कसा, कमावतो कसा, पूर्वी कधी शिक्षा झाली होती का हे पाहायचं आणि कोर्टाला लेखी कळवायचं. त्यावरून मॅजिस्ट्रेट ठरवीत, याला तुरुंगात पाठवायचं की चांगल्या वर्तणुकीच्या जामिनावर, अक्कांच्या देखरेखीखाली, घरी सोडायचं. मी वकील. ज्यांना वकील परवडत नाही अशांचे खटले कोर्टाकडून माझ्याकडे येत. तेव्हा अक्कांच्या त्या दोन-तीन पानांवर माझी बरीचशी वकिली अवलंबून असे.

कोर्टाच्या व्हरांड्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. दोघांचीही घराणी मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आलेली. माझी बायको सोलापूरची, त्यामुळे माझं मराठी थोडं सुधारलं. अक्कांचं सुधारलं नाही आणि त्यांना त्याची गरजही वाटली नाही. "मज ठावं नाही," असं त्या सहज म्हणत आणि माझी बायको ते ऐकून हात जोडी. आजूबाजूला सगळे तमिळ बोलणारे, त्यामुळे आमची भाषा म्हणजे आमची बंद खोली होती. सरकारी वकिलांच्या शेजारी उभं राहून अक्का खुशाल विचारत, "या माणसाने फाईल वाचलीय का रे, की नुसतीच काखेत धरलीय?"

कुंभकोणमसारख्या कॉफीसाठी नावाजलेल्या गावात जन्म काढून त्यांनी कॉफी कधी तोंडाला लावली नाही. घरभेटीला गेल्या की फक्त पाणी घेत, तेही त्या घरच्याच घागरीतलं. कॉफी घेतली की रिपोर्ट गोड होतो, असं त्यांचं म्हणणं. जीप मिळत असूनही त्या टाऊन बसने जात. कागद पंच्यात गुंडाळून मांडीवर ठेवलेले, आणि जेवणाच्या डब्यात बहुधा दह्यात कालवलेलं उडदाचं डांगर. रिपोर्टात 'चांगला', 'वाईट', 'सज्जन', 'बेभरवशाचा' असले शब्द त्यांना चालत नसत. मी एकदा म्हटलं, "अक्का, माझा अशील चांगला माणूस आहे एवढं एक वाक्य तरी लिहा."

"काय म्हणून? तुझ्या सांगण्यावरून? तो उठतो किती वाजता ते सांग. पगार झाला की आधी कुठे जातो ते सांग. चांगला की वाईट ते कोर्ट बघेल."

एकदा त्यांच्याच घरी चोरी झाली. चोर आठवड्याभरात सापडला. त्याचा रिपोर्ट अर्थातच दुसऱ्या अधिकाऱ्याने केला, पण अक्कांना फिर्यादी म्हणून साक्षीला उभं राहावं लागलं. पोलिसांच्या यादीत चांदीचे तीन पेले होते. अक्का म्हणाल्या, "दोन. तिसरा मी भाचीला दिला होता, तो चोरीला कसा जाईल?" शिवाय, मागच्या दाराची कडी त्या दिवशी आपण लावली नव्हती हेही कुणी न विचारता सांगितलं. चोराचा वकील मीच होतो. मला उलटतपासणीला काही उरलंच नाही. बाहेर आल्यावर मी आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "तुझ्यासाठी नव्हतं रे ते. कडी लावली नव्हती म्हणजे नव्हती."

तेव्हा मला या स्वभावाचं कौतुक वाटलं होतं. सेल्वमच्या खटल्यापर्यंत वाटत राहिलं.

सेल्वम नाचियार्कोविल्चा. पितळी समया ओतण्याचं काम करायचा. तेहतीस-चौतीस वर्षांचा, बारीक, नजर खाली ठेवून बोलणारा. दारासुरम्ला एका घरी समया पोचवायला गेला होता. शेजारच्या विणकराच्या दाराला कुलूप होतं, माणसं लग्नाला गेली होती. भर दुपारी त्याने ते कुलूप उघडलं, दोन रेशमी साड्या आणि जरीची रिळं उचलली आणि बस स्टँडवर गाठोड्यासकट सापडला. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. मी त्याला विचारलं, "कशासाठी केलंस?" तो म्हणाला, "सार, कुलूप ढिलं होतं. बघितलं आणि हात गेला."

त्याच्या घरी बायको होती, वळ्ळी, आणि पाच महिन्यांची मुलगी. पोलिसांच्या कागदांत मागची शिक्षा काही नोंदलेली नव्हती. मला ही केस सोपी वाटली. मुद्देमाल परत मिळालेला, गुन्हा कबूल, पहिलीच वेळ. अक्कांचा रिपोर्ट आला की मॅजिस्ट्रेट त्याला जामिनावर सोडतील, असं मी वळ्ळीला जवळजवळ वचनच दिलं होतं.

शिक्षा सुनावेपर्यंत सेल्वम तात्पुरत्या जामिनावर घरीच होता. घरभेटीच्या दिवशी मीही अक्कांबरोबर नाचियार्कोविल्ला गेलो. तसा रिवाज नव्हता, पण मला तिकडे दुसरं काम होतं. अक्का ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि नेहमीप्रमाणे आधी सूचना दिली. हे सगळं तमिळमध्ये झालं, मी आपल्या भाषेत सांगतो. "हे बघ सेल्वम, मी विचारेन आणि तू सांगशील ते सगळं मी लिहीन. काही सोडणार नाही. सांगायचं नसेल तर आत्ताच गप्प बस. तू गप्प बसलास एवढंच लिहीन."

तो म्हणाला, "विचारा अम्मा."

उठण्याची वेळ विचारून झाली, मजुरी झाली, दारू झाली. ती तो घेत नव्हता. मग अक्कांनी विचारलं, "पूर्वी कधी शिक्षा झालीय?"

वळ्ळी दारात मुलीला घेऊन उभी होती. ती घाईने म्हणाली, "नाही अम्मा, कधीच नाही." अक्का सेल्वमकडे बघत पेन्सिल धरून थांबल्या. मला आठवतं, शेजारच्या कारखान्यात कानस चालल्याचा आवाज येत होता आणि तो मध्येच थांबला.

"तिरुचीला," सेल्वम म्हणाला. "बावीस वर्षांचा होतो. एका दुकानाचं मागचं दार फोडलं. एक वर्ष आत होतो. तिथे मी आजोबांचं नाव लावलं होतं, म्हणून इथल्या कागदांत आलं नाही."

"अहो, पुरे!" वळ्ळी ओरडली.

"हिला मी लग्नाआधीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "अकरा वर्षं झाली. कुणी विचारलं की मी विषय बदलतो. आता लिहून टाका एकदाचं."

अक्कांनी लिहून घेतलं.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या शेजारी बसलो. म्हटलं, "अक्का, हे घालू नका."

"त्याने सांगितलं ना?"

"तुम्हाला सांगितलं. सरकारी वकिलांना ठाऊक नाही, पोलिसांना ठाऊक नाही. तुम्ही 'नोंद आढळली नाही' एवढंच लिहा, ते खोटंही होणार नाही."

"मज ठावं असताना मी असं लिहू?"

"मागची शिक्षा दिसली की मॅजिस्ट्रेट सोडणार नाहीत. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"कायद्यात कुठे लिहिलंय, एकदा शिक्षा झालेल्याला जामिनावर सोडता येत नाही म्हणून?" अक्का एकदम तापल्या. "नुसती समज देऊन सोडायचं असेल तर पहिलाच गुन्हा लागतो. देखरेखीखाली सोडायला तशी अट नाही. माणसाचं वर्तन बघा, एवढंच म्हटलंय. अकरा वर्षं हा माणूस सरळ राहिला, तेही मी लिहीनच की. तिरुची लपवलं तर ही अकरा वर्षं कशी दाखवू मी? कशापासून सरळ राहिला, असं कुणी विचारलं तर?"

मुद्दा मला पटला, पण मॅजिस्ट्रेटना पटणार नाही हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "तुमचा रिपोर्ट स्वच्छ राहील आणि तो आत जाईल." त्या खिडकीबाहेर भाताच्या खाचरांकडे बघत राहिल्या.

त्यांचा रिपोर्ट मी आजवर वाचलेल्या रिपोर्टांत सर्वांत लांब होता. सात पानं. तिरुचीची शिक्षा पहिल्याच पानावर. मग अकरा वर्षांचा हिशेब: कुणाच्या कारखान्यात किती वर्षं, किती शेजाऱ्यांच्या घराच्या किल्ल्या त्याच्या हाती असत, मालकाच्या आईला त्याने दवाखान्यात कसं नेलं. शेवटी शिफारस, तीन वर्षं देखरेखीखाली सोडावं. आणि मध्येच, अवतरणचिन्हांत, "कुलूप ढिलं होतं. बघितलं आणि हात गेला."

मॅजिस्ट्रेटनी सगळी पानं वाचली, हे कबूल केलं पाहिजे. मग म्हणाले, "याच प्रकारच्या गुन्ह्यासाठी याला एक वर्ष शिक्षा झालेली आहे. त्यातून तो शिकलेला दिसत नाही. कुलूप बघितलं आणि हात गेला म्हणतो. पुन्हा जाणार नाही कशावरून?" सरकारी वकील उठून म्हणाले की मागच्या शिक्षेमुळे शिक्षा वाढवण्याचं कलमसुद्धा लावता आलं असतं, आम्ही ते लावलेलं नाही. म्हणजे आम्ही उपकारच केले, अशा आवाजात. दोन वर्षं सक्तमजुरी झाली.

वळ्ळी रडली नाही. ती अक्कांसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या घरचं पाणी प्यायलात तुम्ही."

अक्का म्हणाल्या, "होय."

मी अपील केलं, ते फेटाळलं गेलं. आणि त्या दिवसापासून मी अक्कांशी तमिळमध्ये बोलू लागलो. दुसरं काही केलं नाही. नमस्कार करायचो, तारीख सांगायचो, कागद द्यायचो, सगळं तमिळमध्ये, जसं कुठल्याही अधिकाऱ्याशी बोलतात तसं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. त्यांना कळलं. त्यांनी मात्र भाषा बदलली नाही. मी तमिळमध्ये विचारायचो, त्या मराठीत उत्तर द्यायच्या. व्हरांड्यातले कारकून गमतीने बघत. पाच-सहा महिने हे चाललं. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला ते फार न्यायाचं वाटत होतं.

मग एका शनिवारी कसल्याशा अर्जावर वळ्ळीची सही घ्यायला मी नाचियार्कोविल्ला गेलो. दार बंद होतं आणि ओट्यावर अक्का बसल्या होत्या. शेजारी स्वतःची पाण्याची बाटली. सेल्वम तुरुंगात होता, त्याच्यावर त्यांची देखरेख नव्हती, तिथे येण्याचा कुठलाही हुकूम त्यांच्याकडे नव्हता.

"आत कुणी नाही का?" माझ्या तोंडून मराठी कधी निघालं ते मलाच कळलं नाही.

"आहे. उघडत नाही," अक्का म्हणाल्या.

"किती वेळ बसलात?"

"साडेचारच्या बसने जाते. दर शनिवारी तेवढंच बसते."

समोरच्या घरातल्या बाईने मला नंतर सांगितलं की ही अम्मा शिक्षेच्या पुढच्या आठवड्यापासून येतेय. पहिले तीन महिने वळ्ळीने दार लावून घेतलं. मग एकदा मुलीला ताप होता तेव्हा उघडलं, दोघी मिळून तिला दवाखान्यात घेऊन गेल्या, आणि परत आल्यावर वळ्ळीने पुन्हा लावून घेतलं. मी गेलो त्या दिवशी मला सहीसुद्धा खिडकीतूनच मिळाली. अक्कांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. बसमध्ये मी विचारलं, "का जाता?" तर म्हणाल्या, "तो सुटला की त्याला घर असायला हवं. घर आहे की नाही ते बघायला जाते." पुढे कधीतरी दार उघडं राहू लागलं. कधीपासून, ते दोघींपैकी कुणीच मला सांगितलं नाही.

सेल्वम सुटला. अक्का त्याच सुमारास निवृत्त झाल्या, आणि शनिवार तसेच चालू राहिले. सेल्वम त्यांच्याशी फारसं बोलत नसे. तो मागे भट्टीपाशी काम करी, त्या पुढे ओट्यावर वळ्ळीशी बोलत किंवा मुलीला अक्षरं गिरवायला देत. येऊ नका असं तो म्हणाला नाही, या असंही म्हणाला नाही.

सुटून वर्षही झालं नव्हतं तेव्हा पापनाशम्ला एका शनिवारी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान घरफोडी झाली. कुलूप सफाईने उघडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सेल्वमला उचललं. ज्याच्या नावावर दोन शिक्षा आहेत आणि ज्याला धातूचं काम येतं, त्याला शोधायला फार लांब जावं लागत नाही. वळ्ळीचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात राग होता, पण ती म्हणाली, "सार, शनिवारी अम्मा इथे होत्या."

जामिनाच्या अर्जावर मी अक्कांना उभं केलं. मॅजिस्ट्रेट नवीन होत्या, तरुण बाई. सरकारी वकील म्हणाले, "या निवृत्त अधिकारी आहेत, मान्य. पण या कुटुंबावर यांचा लोभ आहे. दर आठवड्याला यांचं तिथे जाणं-येणं आहे. साक्ष कुणाच्या बाजूने असणार ते उघड आहे."

मी जुनी फाईल पुढे केली. म्हटलं, "तिरुचीची शिक्षा, जिच्या जोरावर आज याला सराईत म्हटलं जातंय, ती पोलिसांना ठाऊकच नव्हती. ती या कोर्टाला याच बाईंनी सांगितली." मॅजिस्ट्रेटनी सात पानं उलटली. पहिल्या पानावर बराच वेळ थांबल्या. मग अक्कांना त्यांनी स्वतःच विचारलं.

"त्या दुपारी हा घरी होता?"

"दोन वाजता मी पोचले तेव्हा होता. साडेचारला निघाले तेव्हा होता."

"मधला सगळा वेळ तुमच्या डोळ्यांसमोर होता?"

मी मनातल्या मनात म्हटलं, अक्का, एकदा, फक्त आज.

"नाही," अक्का म्हणाल्या. "तीनच्या सुमारास कोळसा आणायला गेला. वीस मिनिटांनी आला. ती वीस मिनिटं तो कुठे होता ते मी पाहिलेलं नाही."

सरकारी वकील लगेच उठले. मॅजिस्ट्रेटनी त्यांना हाताने खूण करून बसवलं. "नाचियार्कोविल्हून वीस-बावीस किलोमीटरवर पापनाशम्ला जायचं, घर फोडायचं आणि कोळसा घेऊन परत यायचं. वीस मिनिटांत?" सरकारी वकील म्हणाले की बाईंचा अंदाज चुकू शकतो. मॅजिस्ट्रेट म्हणाल्या, "सोयीचं नसलेलंही सांगणाऱ्या साक्षीदाराचा अंदाज मी धरून चालते." जामीन मिळाला. पुढे दोन महिन्यांत पापनाशम्चे खरे चोर दुसऱ्याच जिल्ह्यात सापडले आणि सेल्वमचं नाव त्या प्रकरणातून निघालं.

पण मला आठवते ती जामिनाच्या दिवसाची संध्याकाळ. कागदपत्रं होऊन सेल्वम बाहेर आला तेव्हा अक्का कोर्टाच्या पायरीवर बसल्या होत्या. वळ्ळी मुलीला घेऊन पाणी आणायला गेली होती. मला वाटलं तो पाया पडेल, निदान हात जोडेल. तो त्यांच्यासमोर नुसता उभा राहिला.

"अम्मा, ती वीस मिनिटं तुम्ही सांगितली नसती तर?"

"सांगितलीच असती," अक्का म्हणाल्या.

"ठाऊक आहे." सेल्वम म्हणाला. "आज त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला तो जुन्या कागदामुळे. सारनी मला समजावलं. मला ते कळतं. पण माझी दोन वर्षं गेली, अम्मा. मुलगी चालायला लागली तेव्हा मी तिथे नव्हतो. मी बाहेर आलो तर ती मला बघून रडत होती."

मी मध्ये काहीतरी बोलायला गेलो. अक्कांनी मला थांबवलं.

"होय," त्या म्हणाल्या. "गेली. मी लिहिलं म्हणून गेली."

त्यात कायदा नव्हता, मॅजिस्ट्रेट नव्हते, तूच सांगितलं होतंस असंही नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांना ओळखत होतो, पण त्यांचा आवाज तसा कधी ऐकला नव्हता. सेल्वम त्यांच्याकडे बघत राहिला. मग तो त्यांच्याहून एक पायरी खाली, बाजूला बसला. दोघंही रस्त्याकडे तोंड करून बसून राहिले. वळ्ळी पाणी घेऊन आली, तिने दोघांकडे पाहिलं आणि तीही मुलीला घेऊन शेजारी बसली.

नाचियार्कोविल्ची बस वळणावर दिसली तेव्हा सेल्वमच आधी उठला. मुलीला त्याने कडेवर घेतलं, दुसरा हात अक्कांपुढे केला आणि म्हणाला, "उठा अम्मा, पायरी उंच आहे."